पेरणाऱ्याचा अभंग : एका लहान कवितेची अक्षरे मोजताना

शास्त्रपाठ : मत्तय १३:१-२३, मार्क ४:२६-२९, स्तोत्र ११७

आदिलाबाद जिल्ह्यातील एका लहानशा मराठी उपासनेच्या शब्बाथशाळेत आम्ही शिकवतो. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, अलीकडे आम्ही. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ साली जुन्या मोठ्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पण घरातली भाषा काही बदलली नाही. बाजारात तेलुगू व उर्दू, डोंगराकडे गोंडी व कोलामी, आणि चुलीपाशी मराठी. आमच्या वर्गातील बहुतेक मुले आठवड्यातले सहा दिवस तेलुगू लिहितात आणि सातव्या दिवशी मराठी गातात. गातात असे म्हणतो, वाचतात असे म्हणत नाही. गीतांचे पुस्तक हाती दिले तर निम्मी मुले ते नुसतेच धरून उभी राहतात आणि शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहून म्हणतात.

ज्या मुलाला पान वाचता येत नाही त्याच्याकडे गीत फक्त कानातून पोहोचते व कानातच राहते. तिथे ते टिकवून धरणाऱ्या दोन गोष्टी आहेत : अक्षरांचे माप आणि यमक. माप चुकले की मूल अडखळते. यमक सैल असले की ते त्या जागी दुसराच शब्द घालते आणि आठवडाभराने तोच शब्द पक्का होतो. म्हणून छंद आणि यमक हा पंडितांचा विषय आहे असे समजून शिक्षकांनी तो बाजूला ठेवू नये. आम्ही तो ठेवला होता, हे आधीच कबूल करतो.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीस पेरणाऱ्याचा दाखला शिकवायचा होता. मुलांच्या तोंडी बसेल असे काही हवे म्हणून आम्हीच चार कडव्यांचा एक अभंग जुळवला. आम्ही कवी नाही. थोरांच्या रचनेला हात लावून तिची चिरफाड करण्यापेक्षा आपल्याच ओळी फळ्यावर मांडून त्यांचे गुणदोष पाहावे, हे बरे वाटले. अभंग असा :

पेरणारा गेला
काळ्या शेतावरी
बियाणे उधारी
ओटीमध्ये

वाटेवर काही
पाखरांनी नेले
उन्हात सुकले
खडकात

उरलेले दाणे
मातीने झाकले
देवाने राखले
पावसाने

एका दाण्यापोटी
शंभराची रास
पुरे लेकरांस
पाखरांही

प्रथम अक्षरे मोजू. फळ्यावर चौकोन काढले, एका चौकोनात एक अक्षर. पे-र-णा-रा-गे-ला, सहा. का-ळ्या-शे-ता-व-री, सहा. बि-या-णे-उ-धा-री, सहा. ओ-टी-म-ध्ये, चार. जोडाक्षर एकच धरायचे, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. मुलांना हे पाच मिनिटांत समजले. 'सहा, सहा, सहा' असे ऐकताच एका मुलाला प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय आठवला आणि त्याने हात वर केला. चौथा चरण चार अक्षरांचा आहे, घाबरण्याचे कारण नाही, असे सांगून आम्ही पुढे गेलो.

हा मोठा अभंग होय. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी. पहिला चरण मोकळा, चौथाही मोकळा. तुकोबांच्या गाथेतील फार मोठा भाग ह्याच मापाचा आहे. लहान अभंगाचे चरण आठ-आठ अक्षरांचे असून शेवटी यमक असते. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, ह्यांनी आपल्या 'छंदोरचना' ग्रंथात मराठी पद्याचे तीन गट केले : लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो ते वृत्त, मात्रांची बेरीज ठरलेली असते ती जाती, आणि केवळ अक्षरांची संख्या ठरलेली असते तो छंद. ओवी व अभंग हे छंद. छंदात प्रत्येक अक्षर म्हणताना सारखेच लांबवले जाते, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवावा लागत नाही. लहान मुलांसाठी रचना करणाऱ्याने आधी छंदाकडे वळावे असे आम्ही म्हणतो, ते ह्यासाठीच. वृत्तात लिहायला बसलो तर लघुगुरू सांभाळता सांभाळता दाखला राहून जातो.

इथे वर्गात एक गोष्ट घडली. आम्हाला ती आजवर कोणी सांगितली नव्हती. घरी मराठी बोलणारा, पण लिपी थोडी येणारा एक मुलगा दुसरे कडवे वाचत होता. त्याने 'खडकात' हा शब्द आपण बोलतो तसा वाचला, खड्-कात्. चरण तोकडा पडला. मग ज्या मुलीला देवनागरी येत नव्हती तिने तोच शब्द तेलुगू लिपीत उतरवून घेतला आणि वाचला : ख-ड-का-त, चारही अक्षरे पूर्ण. तेलुगूत शब्दातील अकार गिळला जात नाही, जे लिहिले ते सगळे उच्चारले जाते. आपण मराठी माणसे बोलताना मधले व शेवटचे अकार खाऊन टाकतो. अभंगाला मात्र ते पूर्ण हवे असतात. ज्या मुलांच्या मराठीबद्दल आम्ही काळजी करीत होतो त्यांनीच अभंग अधिक शुद्ध मापात म्हटला! दोन्ही लिप्या अक्षरांच्याच असल्यामुळे चौकोनांची संख्याही बदलली नाही. जुन्या मोठ्या जिल्ह्यात मारलवाई येथे १९४० नंतरच्या दशकात गोंड मुलांसाठी गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली होती. भाषा एक आणि लिपी दुसरी ही इथली जुनीच तऱ्हा आहे. तेव्हापासून आम्ही गीतांच्या ओळी तेलुगू लिपीतही लिहून देतो. काही वडीलधाऱ्यांना हे आवडलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की अशाने मुले देवनागरी कधीच शिकणार नाहीत. ती भीती खरी आहे, आणि तिच्यावर आमच्याकडे पुरते उत्तर नाही. पण ओठांकडे पाहून गाणाऱ्या मुलाला आजच्या रविवारी शब्द द्यायचा आहे.

आता यमक. 'ह्या कडव्यात प्रास कुठे आहे?' असे विचारले तेव्हा तेलुगू शाळेतल्या दोन मुली ओळींच्या सुरुवातीकडे पाहू लागल्या, आणि म्हणाल्या, 'सर, प्रास नाहीच.' आम्ही गोंधळलो. मग उलगडा झाला. तेलुगू पद्यात प्रास म्हणजे प्रत्येक ओळीचे दुसरे अक्षर. कंद नावाच्या पद्यप्रकारात चारही ओळींच्या दुसऱ्या अक्षरातील व्यंजन एकच असावे लागते. यती हा शब्दही आपल्याकडे एका अर्थाने व त्यांच्याकडे दुसऱ्या अर्थाने चालतो. आपली यती म्हणजे ओळीत थांबण्याची जागा. तेलुगूत यती म्हणजे ओळीच्या पहिल्या अक्षराशी पुढील ठराविक जागच्या अक्षराचा मेळ. मुले शाळेत वेमनाची पद्ये पाठ करतात. ती आटवेलदी ह्या प्रकारातली आहेत. तिथे दुसऱ्या अक्षराच्या प्रासाची सक्ती नसते, पण शेवटी कवीच्या नावाची ठरलेली ओळ येते. आपल्या संतांच्या नाममुद्रेचीच ती बहीण. तेव्हा ह्या मुलांचा कान अडाणी नाही, तो दुसऱ्या घरी तयार झालेला आहे. शिक्षकाने आधी विचारावे की तुम्हाला प्रास कुठे ऐकू येतो, आणि मग आपला दाखवावा.

आपले यमक शेवटी असते, आणि त्यात एक धोका आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. भूतकाळात सांगायला लागलो की प्रत्येक ओळ आपोआप 'ले' ने संपते : गेले, आले, नेले, दिले. आमचे दुसरे कडवे पाहा. 'नेले' आणि 'सुकले'. शेवटचा 'ले' सोडला तर दोहोंत सारखे काय आहे? काहीच नाही. हे यमक कवीने केलेले नाही, व्याकरणाने फुकट दिलेले आहे. तिसऱ्या कडव्यातही 'ले' च आहे, पण तिथे 'झाकले' आणि 'राखले'. आधीचा आकार सारखा, क आणि ख एकमेकांचे शेजारी, आणि मग 'ले'. कानाला तीन अक्षरांचा ठोका बसतो. मुलांनी पुढच्या रविवारी कोणते कडवे न चुकता म्हटले असेल? तिसरे. दुसऱ्या कडव्यात कोणी 'उन्हात जळले' म्हटले, कोणी 'उन्हात करपले' म्हणून सात अक्षरे केली. सैल खुंटीवरून शब्द गळतात ते असे. तेलुगूही क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा आहे. तिच्या जुन्या कवींनी प्रास ओळीच्या आरंभाकडे नेला, तो शेवटचे यमक त्यांना फार स्वस्त वाटले म्हणून तर नसेल? हा आमचा तर्क आहे, व्याकरणकारांचा निर्णय नव्हे.

चौथ्या चरणाकडे आमचे लक्ष सर्वांत शेवटी गेले, आणि आता तोच आम्हाला ह्या छंदाचा जीव वाटतो. सहा-सहाच्या तीन पावलांनंतर चौथे पाऊल चारच अक्षरांवर थांबते. गाताना दोन अक्षरांची जागा उरते. ती आपण सूर लांबवून भरतो, किंवा टाळ भरतो. त्या जागेत ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. 'देवाने राखले' इथे यमक पुरे झाले, वाक्यही पुरे झाले, आणि मग येते 'पावसाने'. राखणारा कोण ते आधी सांगितले, कशाने ते मागून. चौथ्या कडव्यात 'पुरे लेकरांस' इथेच थांबता आले असते. 'पाखरांही' हा शब्द माप भरण्यासाठी शोधला, आणि तो सापडल्यावर आम्हीच थबकलो. दुसऱ्या कडव्यात ज्यांनी बी नेले तीच ही पाखरे. दाखल्याच्या स्पष्टीकरणात तो दुष्ट येऊन वचन हिरावून नेतो असे आहे, म्हणून शिक्षकाने इथे जपून बोलावे. पाखरांना पोटभर देणारी ओळ ही शेताची गोष्ट आहे, ती सैतानाला लावू नये.

ओवीची ठेवणही अशीच आहे. ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा आखूड व मोकळा सुटतो. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी गोव्यात आपले 'ख्रिस्तपुराण' ह्याच ओवीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! परदेशातून आलेल्या त्या मनुष्याने आपल्या देशची चाल इथल्या शब्दांवर लादली नाही, इथले माप घेतले. आपल्या मंडळ्यांत पुढे उलटे झाले. इंग्रजी चालींना मराठी शब्द बसवताना कित्येक गीतांत आघात भलत्याच अक्षरावर पडतो, आणि आपण सवयीने तसेच गातो. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांनी अभंग व ओवी पुन्हा उपासनेत आणली. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. तेलुगू मंडळ्यांतही पुरुषोत्तम चौधरी (१८०३-१८९०) ह्यांनी देशी रागतालांत कीर्तने रचली. इंग्रजी चाली टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणत नाही, त्यांतल्या काही आमच्याही फार आवडीच्या आहेत. पण चाल आधी आणि शब्द मागून, असे झाले की शब्द हाल सोसतो.

आणि पवित्र शास्त्रातील काव्याचे काय? एका शिक्षक भगिनीने विचारले की स्तोत्रांना तर यमक नाही, मग ती कविता कशी? चांगला प्रश्न आहे. १७५३ साली रॉबर्ट लाउथ ह्यांनी आपल्या व्याख्यानांतून दाखवून दिले की इब्री काव्यात ओळीचा अर्थ पुढच्या ओळीत पुन्हा, किंवा उलटून, किंवा वाढवून येतो. त्याला अर्थाचे यमक म्हणावे. स्तोत्र ११७ उघडा. सबंध स्तोत्रसंहितेत ते सर्वांत लहान, दोनच वचनांचे. सर्व राष्ट्रांना स्तुतीचे बोलावणे, मग सर्व लोकांना तेच बोलावणे दुसऱ्या शब्दांत. मग कारण : त्याची आपल्यावरील दया थोर, आणि जोडीला त्याचे सत्य सर्वकाळचे. दोन जोड्या झाल्या, आणि शेवटी एक लहानसा मोकळा तुकडा, हालेलूया. आमच्या चौथ्या चरणासारखाच तो एकटा उभा आहे. शब्दाचे यमक भाषांतरात मरते, अर्थाचे यमक जगते. म्हणून ते स्तोत्र इब्रीतून ग्रीकात गेले, पौलाने रोमकरांस लिहिताना (१५:११) राष्ट्रांच्या आशेसाठी ते पुढे केले, आणि आज आमच्या गावी ते तेलुगूतही तितकेच नीट उभे राहते. अक्षरांचा खेळ मात्र त्या कवींनाही आवडे. स्तोत्र ११९ मध्ये इब्री वर्णमालेची २२ अक्षरे क्रमाने येतात, एकेका अक्षराने आरंभ होणारी आठ-आठ वचने, एकूण १७६. भाषांतरात हे दिसत नाही, पण पाठ करणाऱ्या इब्री मुलाला ती शिडीच होती. मोठ्या अभंगाच्या एका कडव्याची अक्षरेही २२ च भरतात. हा योगायोग आहे, ह्यातून कोणी काही गूढ काढू नये.

तिसऱ्या रविवारी एका मुलाने आमची चूक धरली. 'सर, काटे कुठे गेले?' दाखल्यात जमिनी चार. आमच्या अभंगात वाट आहे, खडक आहे, चांगली माती आहे. काटे नाहीत. मापात बसले नाहीत म्हणून राहून गेले होते, आणि तीन आठवडे ना आमच्या लक्षात आले ना कोणा मोठ्या माणसाच्या. हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ज्या मुलांच्या हाती शास्त्राचे पान नाही त्यांच्यापुरता दाखला तीन जमिनींचाच झाला असता, आणि संसाराची चिंता व द्रव्याचा मोह ह्यांविषयी प्रभूने जे सांगितले ते आमच्या सहा अक्षरांनी खाऊन टाकले असते. गीतात जे गळते ते वाचता न येणाऱ्याच्या श्रद्धेतून गळते. त्या रात्री बसून हे कडवे केले. ते दुसऱ्याच्या नंतर म्हणायचे :

काही उगवले
काट्यांच्या कुशीत
वाढले खुशीत
दोन दिस

'कुशीत' ला 'खुशीत' सापडले तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. ह्यात यमक क्रियापदाचे नाही, म्हणून ते सहज मिळाले नाही, आणि म्हणूनच घट्ट बसले. पुढे गुदमरले असे सांगायला जागाच नव्हती. 'दोन दिस' नंतरच्या रिकाम्या जागेने ते सांगितले. मुलांना विचारले, 'मग काय झाले?' सगळ्यांना ठाऊक होते. पऱ्हाटीत निंदण राहिली तर काय होते ते इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही.

एक वाद अजून मिटलेला नाही, तोही सांगतो. पहिल्या कडव्यातील 'उधारी' हा शब्द, खरे सांगायचे तर, 'शेतावरी' ला यमक हवे म्हणून आला. दाखल्यात उधारीचे बी नाही. पण इथे कापसाचे बियाणे पुष्कळ घरी उधारीवरच येते, आणि तो शब्द ऐकताच मागच्या बाकावरच्या बाया एकदम लक्ष देऊन ऐकू लागल्या. मंडळीतले एक वृद्ध शेतकरी मात्र उपासनेनंतर आम्हाला थांबवून म्हणाले, 'मास्तर, उधारीचे बी वाटेवर कोण सांडील? आम्ही तर एकेक सरकी मोजून टोबतो. आणि देव कोणाकडून उधार आणतो?' पहिल्या प्रश्नावर आम्ही सांगितले की प्रभूच्या देशात मुठीने बी फेकून पेरीत, काही अभ्यासकांच्या मते आधी पेरून मग नांगरीत. दुसऱ्यावर मात्र आम्हाला शास्त्र पुन्हा उघडावे लागले. रानटी निदणाच्या दाखल्यात पेरणारा मनुष्याचा पुत्र आहे असे स्पष्ट म्हटले आहे (मत्तय १३:३७). ह्या दाखल्यात पेरणारा कोण ते सांगितलेले नाही. मार्क एवढेच सांगतो की तो वचन पेरतो. पेरणारा प्रभू असेल तर आजोबांचे खरे, बी त्याचेच आहे. पेरणारे आपण शिक्षक असलो तर आमच्या ओटीत स्वतःचे काय आहे? सगळे उधारच.

आम्ही शब्द बदललेला नाही. मुले 'बियाणे उधारी' म्हणतात. आजोबा पहिल्या बाकावर बसून त्याच जागी मोठ्याने 'बियाणे उदारी' म्हणतात. उदारी असा शब्द मराठीत नाही, उदार असा आहे, हे आम्ही त्यांना नम्रपणे सांगितले. ते म्हणाले, 'यमक जुळते की नाही, मास्तर?'